तीन मिस कॉल

नव्या मोबाईलचा डबा उघडला की एक वास येतो. प्लास्टिकचा, डिंकाचा, अजून कशाचा काय माहीत. लोकांना तो आवडतो म्हणे. मला तो आला की मळमळतं. मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एकानं नवीन फोन घेतला. पेढे घेऊन घरी आला आणि म्हणाला, "बघा ना दादा, आत्ताच लाँच झालाय. टच बघा, नुसता लोण्यावानी!" मी हात मागं घेतला. पेढा तेवढा उचलला. तो बिचारा खट्टू होऊन गेला. मंग बायकोनं मला झापलं. "माणूस कौतुकानं दाखवून राह्यला, एक बोट लावलं असतं तर काय जात होतं तुमचं?"

काय जात होतं ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. कोणालाच सांगितलेलं नाही. म्हणून इथं लिहून राह्यलो.

माझी माय आमच्या गावी, धावड्याला, एकटी राहते. मी जालन्यात, एमआयडीसीतल्या बियाण्याच्या एका प्लँटला ग्रेडिंगवर आहे. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. मी शंभरदा म्हणालो, माय, चल जालन्याला. ती म्हणायची, "तिथं येऊन काय करू? तुमच्या गच्चीवर मिरच्या लावू?" तिचा सगळा जीव शेडनेटमध्ये. आमच्या भागात मिरचीच्या बियाण्याचे प्लॉट असतात, हिरव्या जाळीच्या मोठाल्या मांडवाखाली. त्यात बाया क्रॉसिंग करतात. म्हणजे मिरचीची कळी उमलायच्या आधी बारीक चिमट्यानं उघडायची, आतला नर काढून फेकायचा, मादीला जरासुद्धा धक्का लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या नराची पावडर, म्हणजे पराग, त्या मादीच्या टोकावर बोटानं लावायची. टोक केवढं, तर सुईच्या नाकाएवढं. जोर पडला की मोडलं. लावलं की देठाला खुणेचा दोरा बांधायचा आणि पुढची कळी. अशा दिवसाला शेकडो.

या बायांमध्ये एक शब्द चालतो, लागणं. फळ धरलं की म्हणायचं, बोट लागलं. फूल गळालं की बोट लागलं नाही. कोणाचं बोट लागतं आणि कोणाचं लागत नाही, यावर त्यांची इज्जत. माझ्या मायच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अख्ख्या धावड्यात मशहूर होतं. ज्याचा प्लॉट नवा, तो पहिल्या दिवशी तिला बोलवायचा. "बाई, पहिलं झाड तुम्ही लावा, तुमचं बोट लागतं." आणि ही पदर खोचून, देवाला फूल वाहावं तशी पहिल्या कळीला बोट लावायची. मिरचीच्या तिखटानं आणि चिमट्यानं त्या बोटाची कातडी राठ झाली होती, वरच्या रेषा पार पुसल्या होत्या. पण लागायचं.

आता मिस कॉलचं सांगतो. फोन करायला पैसे लागायचे त्या काळात आमच्या दोघांचं एक ठरलेलं होतं, ते नंतर फोन फुकटात झाले तरी मोडलं नाही. संध्याकाळी एक मिस कॉल म्हणजे जेवले, बरी आहे. दोन म्हणजे सवडीनं तू फोन कर. आणि तीन म्हणजे निघ. तिथं विचारायचं नाही, कशाला म्हणायचं नाही, गाडीला किक मारायची. तीन इतक्या वर्षांत एकदाच आले होते. वडिलांच्या छातीत दुखलं तेव्हा. मी निघालो, राजूर, भोकरदन मागं टाकत सव्वादोन तासांत पोचलो. वडील अजून बोलत होते. पाणी माझ्या हातानं घेतलं त्यांनी. माय तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "तीन दिले की माझा लेक हातातला घास टाकून येतो."

तिच्याजवळ बटनाचा जुना फोन होता. रंग उडालेला, मागं रबर लावलेलं. ती त्याला डबडा म्हणायची. दोन नंबरचं बटन दाबून धरलं की मला लागायचा. अंधारात, पाण्यात, चिखलाच्या हातानं, कसाही लागायचा. मायला वाचता येत नाही, पण ते बटन तिला अंगठ्यानं कळायचं.

आणि मला अवदसा आठवली. दुसरं काही नाही, अवदसाच. प्लँटमध्ये सगळे आपापल्या आयांना व्हिडिओवर बघायचे, मला वाटलं आपली माय काय कमी आहे? श्रावणात एक नवीन मॉडेल आलं होतं. बाजारात येऊन चार दिवस झाले नव्हते. काच कडेनं वाकलेली, मागून चकचकीत, दुकानदार तर असा बोलत होता की जणू फोन नाही, सोयरीक दाखवून राह्यला. "दादा, पहिल्या लॉटचा पीस आहे, जालन्यात मोजक्यांना भेटला!" मी भाळलो. पेढे मीही वाटले.

धावड्याला नेऊन मायच्या हातात दिला. तिनं तो उलटापालटा करून बघितला आणि पहिलं काय विचारलं? "याचं बटन कुठंय?"

"बटन नसतं माय. नुसतं बोट लावायचं."

"आरं वा, मंग तर माझंच काम हाय!" ती म्हणाली आणि खळखळून हसली.

मी शहाण्यासारखा सगळं सोपं करून ठेवलं. कुलूप काढून टाकलं, म्हणजे नंबर टाकायची भानगड नको. फोन उचलला की आपोआप जागा व्हावा असं केलं. पडद्याच्या मधोमध माझा मोठा फोटो ठेवला, त्याला बोट लावलं की थेट मला फोन. झालं! सिमकार्ड नव्यात बसावं म्हणून कापून बारीक केलं, आणि डबडा खिशात टाकून जालन्याला घेऊन आलो. म्हटलं, आता हे भंगार कशाला.

पहिल्याच आठवड्यात सुरू झालं. तिनं बोट लावलं तर पडदा ढिम्म. एकदा, दोनदा, दहादा लावायची. मी फोन केला तर तो उचलायला काचेवर बोट सरकवावं लागायचं, ते सरकायचंच नाही. शेवटी चुलती, म्हणजे शेजारच्या घरातली माझी काकू, येऊन उचलून द्यायची. "आरं, ह्याला माझं बोटच लागत न्हाई," माय म्हणायची. आणि मी काय शिकवायचो तिला? "माय, दाबू नको, हळूच लाव." जिच्या बोटाखाली सुईएवढं टोक कधी मोडलं नाही, तिला मी, गोण्या उचलणारा माणूस, हळूच बोट कसं लावायचं ते शिकवत होतो!

पण हे निभावलं असतं. खरी कटकट पुढं होती. तिचं बोट लागत नव्हतं आणि कोणाचंच बोट नसताना मात्र तो फोन आपोआप चालायचा. चार्जिंगला लावला की पडदा आपोआप सरकायचा, कसली कसली चित्रं उघडायची, मिटायची. शेडनेटमध्ये सकाळी दमट असतं. तिथं बांबूला पिशवीत टांगला की आत वळवळ सुरू. पाल चुकचुकावी तसा तो बारीक टकटक वाजत राहायचा. चुलतीनं एकदा पिशवी उघडून बघितली तर कोणी हात न लावता पडद्यावर अक्षरं उमटून राह्यलेली. तिनं पिशवीच फेकली. "मुडदा बशिवला याचा, भूत हाय आत!" मी स्वतः गेलो तेव्हा बघितलं. ओट्यावर पडलेला फोन, जवळ कोणी नाही, आणि माझ्या फोटोवर कोणी बोटं नाचवावीत तसा तो हलतोय. खरं सांगतो, किळस आली. मेलेल्या उंदराला हात लावावा तशी.

त्या फोनवरून पहिल्यांदा तीन मिस कॉल आले तेव्हा मी गोण्यांचा ढीग तसाच सोडून निघालो होतो. उलट फोन लावला तर ती उचलत नव्हती. तिच्यानं उचलला जात नव्हता, हे डोक्यात आलंच नाही. रस्त्यानं काय काय विचार येतात ते गाडी चालवणाऱ्यालाच माहीत. भोकरदनच्या पुढं तर मी रडतच होतो. पोचलो तर ही नेटमध्ये आरामात कळ्या उकलून राह्यलेली.

"आरं, तू कसा काय आलास? सुट्टी हाय का?"

मी मातीतच बसलो. तिनं पाणी आणलं. मी फोन तपासला, तीन नाही, नंतर अजून चार कॉल गेलेले होते. मी गाडीवर असल्यामुळं कळले नव्हते.

दुसऱ्यांदा चतुर्थी होती. बायकोला घेऊन राजूरला गणपतीच्या रांगेत उभा होतो. अडीच तास उभं राहून जरा कुठं गाभारा दिसायला लागला होता. तीन मिस कॉल. बायको म्हणाली, "पुन्हा ते भूतच असंल." मी म्हणालो, असू दे, आणि तिला तिथंच सोडून धावड्याला पळालो. माय भाकरी थापत होती. फोन चार्जिंगला. मी इतका संतापलो, इतका संतापलो की तो फोन उचलून उखळात घालावा वाटला. पण फोनवरचा राग काढला मायवर. "तुला किती वेळा सांगितलं, चार्जिंगला लावताना उलटा ठेवत जा!" भाकरी करपली.

थोड्या वेळानं माय म्हणाली, "बाबा, माझा डबडा आणून दे ना."

"आणतो."

तेव्हाही आणतो म्हणालो, पुढच्या खेपेलाही आणतो म्हणालो. डबडा माझ्या कपाटाच्या खणात पडून होता. नव्या फोनची गॅरंटी आहे, तो दुरुस्त करून घेऊ, असली माझी मिजास.

दुकानदाराकडं गेलो. आधी ओळख दाखवेना. मंग म्हणाला, "पहिल्या लॉटमध्ये थोडं असतंच दादा. अपडेट येईल, बरोबर होऊन जाईल." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, मी बियाण्याच्या धंद्यातला माणूस! आमच्याकडं लॉट बाहेर जायच्या आधी उगवण तपासतात. ओल्या कागदात दाणे ठेवायचे, कोंब मोजायचे, कमी निघाले की अख्खा लॉट बाजूला. शेतकऱ्यानं पेरल्यावर उगवलं नाही तर त्याला काय सांगायचं, थांब, अपडेट येईल? ह्यांनी न तपासता माल डब्यात भरला, वरून सोनेरी अक्षरं छापली आणि तपासायचं काम सोडलं माझ्या मायवर. थू!

सर्व्हिस सेंटरवर म्हणे वापरणाऱ्याला घेऊन या. म्हणून मायला जालन्याला आणलं. काचेचं दार, गारठा, नंबरची चिठ्ठी, भिंतीवर हसणाऱ्या पोरीपोरांचे मोठाले फोटो. त्या सगळ्यांची बोटं कशी लांबसडक, पांढरीशुभ्र. आमचा नंबर आला. टेबलापलीकडच्या माणसानं फोन पुसला, स्वतःचं बोट फिरवलं, सगळं झकास चाललं. तो माझ्याकडं बघून हसला.

"सर, टच तर एकदम ओके आहे."

"आपोआप फोन लागतात त्याचं काय?"

"काकू, जरा तुम्ही लावा बरं."

मायनं लावलं. लागलं नाही. पुन्हा लावलं. लागलं नाही. त्यानं तिचा हात पकडला, बोट उलटं करून उजेडाला धरलं, एखाद्या पार्टचा नंबर वाचावा तसं. "काय काम करता काकू?"

"मिरचीचं."

"तेच! बोटाच्या लाईनीच गेल्यात ना. स्क्रीनला बोट कळणार कसं? शिवाय मिरचीचं काहीतरी चिकटत असणार, त्यानं आपोआप टच होतो. फोनमध्ये फॉल्ट नाही सर, बोटात आहे." आणि त्यानं काच पुसायच्या बाटलीतलं पाणी तिच्या बोटावर मारलं आणि फडक्यानं पुसलं. तिला न विचारता.

मागं बसलेले दोघंतिघं हसले. मायनं हात पदराखाली घेतला. मी काय केलं? मी भांडायला पाहिजे होतं. त्याची कॉलर धरायला पाहिजे होती. मी म्हणालो, "मंग आता काय करायचं?" तो म्हणाला, सॉफ्टवेअर टाकून देतो. टाकलं त्यानं. बाहेर आल्यावर माय पायरीवर थांबली आणि हळू आवाजात मला विचारलं, "माझं बोट खराब झालं का रं?"

"काही नाही झालं माय, चल."

एवढंच बोललो मी. अख्ख्या धावड्याचं पहिलं झाड जिच्या बोटानं लागायचं, तिला त्या गारठ्यात बसलेल्या एका टायवाल्यानं दोन मिनिटांत सांगून टाकलं की तुझ्या बोटात फॉल्ट आहे, आणि मी एवढंच बोललो. गाडीवर ती मागं बसली होती. राजूरला चहा घेतला तर कपसुद्धा तिनं डाव्या हातानं धरला.

सॉफ्टवेअरनं कणभरही फरक पडला नाही. उलट वाढलं. दिवसाला पाच कॉल, सात कॉल, एकदा तर अकरा. माझ्या फोनवर सारखं मायचं नाव. मी उलट फोन लावायचो, ती उचलू शकायची नाही. चुलतीला लावायचो, ती म्हणायची, "आरं बरी हाय तुझी माय, त्या भुतानं केला असंल." हळूहळू मी उलट लावणं सोडलं. मंग वाजला तरी बघणं सोडलं. माझ्या खिशात मायचं नाव थरथरायचं आणि मला वैताग यायचा. स्वतःच्या मायच्या नावाचा वैताग! त्या फोननं माझं काय केलं असेल तर हे केलं.

तो दिवस गावच्या बाजाराचा होता. क्रॉसिंगचे शेवटचे दिवस. आम्ही प्लँटच्या बाहेर टपरीवर साडेदहाचा चहा घेत होतो. फोन वाजला. माय. एक रिंग झाली आणि कटला. पुन्हा वाजला, कटला. शेजारचे दोघं म्हणाले, "उचला की." मी फोन वर धरून सगळ्यांना दाखवला. "उचलून काय करू? भूत आहे आतमध्ये. बघा, आता अजून एक देईल." तिसऱ्यांदा वाजला. सगळे हसले. मी पण हसलो. चहा संपवला, फोन खिशात टाकला आणि आत गेलो.

दुपारी डबा खाताना फोन बघितला. तीनच होते. चौथा आलेला नव्हता. तेवढ्यावरून तरी मला कळायला पाहिजे होतं. तो फोन आपोआप लागायचा तेव्हा पाच लावायचा, सात लावायचा, कधी दोनवर थांबायचा, कधी अकरावर. त्याला कुठं मोजता येत होतं? तीन देऊन थांबणारं माणूस जगात एकच होतं. मी पोळीचा तुकडा मोडला आणि फोन पालथा ठेवला.

तीन वाजून गेल्यावर चुलतीचा फोन आला. तिच्या फोनवरून. "आरं लवकर ये, तुझी माय नेटमधी पडली. भोकरदनला दवाखान्यात घेऊन चाललो."

बाकीच्या बाया बाजाराला जायचं म्हणून लवकर निघाल्या होत्या. ही म्हणाली, ओळीतल्या एवढ्या कळ्या लावून येते. ठिबकच्या नळीत पाय अडकला आणि ती उजव्या हातावर पडली. मनगट मोडलं, मांडीचं हाड सरकलं. उठता येईना. हाक मारली तर ऐकायला कोणी नव्हतं. पिशवी बांबूला टांगलेली. ती फरपटत बांबूपर्यंत गेली, बांबू हलवून पिशवी पाडली, आणि डाव्या हातानं फोन लावला. साडेदहापासून तीनपर्यंत ती त्या नेटमध्ये मिरचीच्या दोन ओळींमध्ये पडून होती. वरून हिरव्या जाळीचं ऊन. बाजारातून परत आलेली चुलती चहाला बोलवायला गेली म्हणून सापडली.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा हाताला लाकडी पट्टी बांधून तिला खाटेवर निजवलं होतं. ओठ वाळून पापुद्रे निघालेले. मला बघितल्यावर ती उठायला गेली.

"आलास का रं लेकरा," ती म्हणाली. आणि मंग मला समजावल्यासारखं सांगायला लागली. "मी तुला तीनदा लावला व्हता. तीन झाले, मंग म्हणलं आता निघाला असंल. पुन्हा लावला न्हाई. म्हणलं तू गाडीवर असशील, फोन वाजला की काढायला जाशील, पडशील-बिडशील. आता राजूर आलं असंल, आता भोकरदन आलं असंल, असं म्हणत पडून राह्यले. पार ऊन डोक्यावरून गेलं, मंग कळलं." डाव्या हाताचं बोट वर करून तिनं त्याच्याकडं बघितलं. "उजव्याचंच लागत न्हाई, हे तर डावं. लागलंच न्हाई बघ तुला."

चुलती तिथंच उभी होती. मी मायच्या त्या बोटाकडं बघत होतो. मला म्हणायचं होतं, लागलं होतं माय. तिन्ही वेळा लागलं होतं. डाव्या हाताचं, थरथरतं, मिरचीनं राठ झालेलं तुझं बोट त्या दिवशी त्या हलकट काचेला बरोबर कळलं होतं. एवढ्या दिवसांत तेवढे तीन फोन त्यानं खरे लावले होते, आणि ते मी चहाच्या टपरीवर चार लोकांना दाखवून हसलो होतो.

"नाही माय," मी म्हणालो. "लागलाच नाही."

"तेच म्हणलं मी," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, मी चेहरा बघितला ना.

मी व्हरांड्यात आलो. माझ्या फोनमध्ये ती तीन लाल बाणांची ओळ तशीच होती, मायच्या नावाखाली. उद्या कोणी बघितलं तर? मी त्यावर बोट ठेवलं आणि पुसून टाकली. माझं बोट एका झटक्यात लागलं. मला तिथंच ओकारी आली. व्हरांड्याच्या कठड्याला धरून मी खरंच ओकलो. आतली सिस्टर म्हणाली, रक्त बघून होतं काहीकाहींना.

तो फोन मी नंतर दगडानं ठेचला. काच फुटली, तरी बारीक उजेड चालूच होता, वरून पाणी ओतलं तेव्हा कुठं विझला. काय उपयोग? कंपनीनं वर्षाच्या आत पुढचं मॉडेल काढलं. तोच वास, तेच पेढे. दुकानदार मला रस्त्यात दिसला की अजूनही नमस्कार करतो.

मायचा हात जुळला, पण मनगट वाकडं जुळलं. चिमटा धरता येत नाही. बोट थरथरतं, कळीजवळ नेलं की टोक मोडतं. यंदा तिला कोणी पहिल्या झाडाला बोलवलं नाही. ती नेटच्या दारात खुर्ची टाकून बसते आणि दुसऱ्या बायांना दोरे कापून देते. मी तिला डबडा परत दिला, नवीन सिम टाकून. संध्याकाळी एक मिस कॉल येतो. एकच असला तरी मी लगेच उलट फोन लावतो. ती वैतागते. "आरं, एकच दिला व्हता ना? जेवले मी. तुला मोजता येत न्हाई का?"

परवा मी धावड्याला होतो. शेजारच्या गावची एक म्हातारी मायला बघायला आली होती. ओट्यावर बसून दोघी बोलत होत्या, मी आत चहा गाळत होतो. म्हातारी म्हणाली, "पाच तास पडून राह्यलीस बाई, आन लेक एवढा जवळ. लेकाला कसं कळलं न्हाई?"

माय अशी ताडकन बोलली की मला आत ऐकू आलं. "माझ्या लेकाला बोल लावू नको! तो मोबाईलच खराब व्हता. मला तर वाटतं माझंच बोट लागलं न्हाई. लागलं असतं ना, तर तीन मिस कॉलला माझा लेक थांबणारा न्हाई. इचार त्याला."

म्हातारीनं दारातून आत बघितलं. मी दोन्ही हातांत कप घेऊन उभा होतो.

"हो मावशी," मी म्हणालो, आणि चहा नेऊन दिला.